न उपसायची विहीर

शिमगा तोंडावर आला, मैनाला सातवा महिना सरत आला, तरी ठमाबाई लेकीच्या दारात पाय ठेवायला तयार नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आईनं येऊन ओटी भरायची आणि लेकीला घेऊन जायचं, हा रिवाज काय ठमाबाईला ठाऊक नव्हता? वाडीभरच्या पोरीबाळींना रिवाज शिकवणारी तीच. पण स्वतःच्या लेकीवर रुसली ती रुसलीच. आणि ठमाबाईचा रुसवा म्हणजे काही दोन दिवसांचा पाहुणा नव्हे, तो घर करून राहत असे.

भांडणाचं मूळ होतं तेलाचा कारखाना. भाट्याच्या खाडीत आतल्या अंगाला मुंबईच्या कुणा मालकानं तो घातला होता. तारली मासळीचे ढीग मोठाल्या काहिलींत शिजवायचे, दाबून तेल काढायचं, चोथा वाळवून खताला विकायचा, आणि उरलेलं ओशट, तांबूस पाणी सरळ खाडीत सोडायचं. पहिल्याच वर्षी खालच्या खडपांवरची, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरची, कालवं मेली. ठमाबाईचा नवरा दर्यात गेला तेव्हापासून तिनं त्याच कालवांवर लेक वाढवलेली. आणि नेमका तिचाच जावई, खांदा निखळल्यामुळे वल्ह्याला निकामी झालेला बाबू, त्या कारखान्यात नोकरीला राहिला. मग काय विचारता! खाडीवर चारचौघींत ठमाबाईनं लेकीचं नाव टाकलं.

वाडीनं कारखान्याला मासळी द्यायचं बंद केलं तेव्हा मालकाला जाग आली. त्यानं मुंबईहून एक ओव्हरसियर आणला. ओव्हरसियरनं जांभ्या चिऱ्याची खोल टाकी बांधली, वर फरशा घातल्या, आत वारा शिरू नये म्हणून सांधे लिंपून घेतले. एका तोंडानं कारखान्याचं घाण पाणी आत जायचं आणि दुसऱ्या तोंडानं चरावाटे खाडीकडे निघायचं. पहिले काही महिने टाकीनं नुसती घाण मारली. मग काय झालं कोण जाणे, पाणी निवळायला लागलं. टाकीच्या कोपऱ्यातल्या नळीतून वायू यायचा, तो पेटवला की निळी ज्योत जळत राहायची. पुढच्या हंगामात खडपांवर कालवं पुन्हा धरली, आणि वाडीची मासळीही कारखान्यात जाऊ लागली.

टाकीची राखण बाबूकडे आली आणि टाकीशेजारची झोपडीही. ओव्हरसियरनं जाताना बजावलं होतं, “झाकण उघडायचं नाही, गाळाला हात लावायचा नाही. ज्योत विझली तर मला तार कर.” कारण त्यानं सांगितलं नाही आणि बाबूनं विचारलं नाही. एरवी देवालाही कारण विचारणारा आपला माणूस पगार देणाऱ्यापुढे मात्र मुका होतो.

ओहोटीची वेळ साधून मैना पोट सांभाळत खडपांपर्यंत गेली. ठमाबाई गुडघाभर पाण्यात वाकून लोखंडी सळीनं कालवं फोडत होती. शेजारी तिची जन्माची सोबतीण आवडाबाई. दोघींच्या बोटांवर शिंपल्यांनी कापल्याचे जुने वण होते.

“आये,” मैनानं हाक मारली.

ठमाबाईनं मान वर केली नाही. “खडपावर निसरडा हाय. पोटुशी बाईनं येऊ नये, येवढा पण कळत नाय तुला?”

“तू येत नायस, म्हणून मी आलंय.”

आवडाबाई शहाणी. तिनं टोपली उचलली आणि मायलेकींना मोकळं सोडून ती लांबच्या खडपाकडे गेली.

“येवू कुठं?” ठमाबाई म्हणाली. “त्या नरकाच्या विहिरीजवळ? पाण्यातून जाळ निघतो गो तिथं! पाण्यानं आग इझते का पेटते? त्या जाळाजवळ माजी लेक गरवार बसल्येय, नि मी तिथं जेवायला येवू?”

“पाणी चांगला येतोय आता. कालवां पण धरली.”

“कालवां देवानं दिलान. त्या डबक्यानं नाय.”

मैनाला रडू फुटलं. ती काही रडूबाई नव्हती. पण पोटात जीव असला की डोळे बाईचं ऐकत नाहीत. “पयला हाय माजा, आये. तू नायस तर मी कुणाच्या घरी जावू?”

ठमाबाईची सळी थांबली. खारट हातानंच तिनं नाक पुसलं. 

“शिमग्याला देवीची पालखी तुमच्या अंगणात येते,” ती अखेरीस म्हणाली. “देव असल्या घाणीपाशी थांबत नाय. ती विहीर उपस. तळ दिसंपरयंत उपस, चुना मार, तो जाळ इझव. मग पालखीबरोबर येईन. तुजी ओटी भरीन नि तिथनंच तुला घरी नेईन. नायतर आवस मेली समज.”

मैना परत फिरली ती जवळजवळ धावतच. उपसायचीच ना? त्यात काय एवढं! दर वैशाखात गावची विहीर उपसतात, तळचा चिखल काढतात, चुना टाकतात, तेव्हा कुठं पाणी गोड होतं. ज्या घरच्या विहिरीचा गाळ निघत नाही त्या घराला लोक आळशाचं घर म्हणतात.

आईची अट तिनं बाबूला सांगितली नाही. सासूचं नाव काढलं की हा गडी हट्टाला पेटायचा. तिनं फक्त पालखीचं नाव घेतलं.

“सायबानं उघडू नको सांगितलान,” बाबू म्हणाला.

“सायेब काय पालखीला खांदा देतो? दारात देव येणार, नि आपण त्याला ही घाण दाखवू? इतक्या दिसांची कुजल्येय ती. अवो, उपसल्याशिवाय विहीर ऱ्हाते कुठं?”

 खरं सांगायचं तर टाकी एकदा धुऊन काढावी असं बाबूच्याही मनात होतंच. शिमग्यासाठी कारखाना बंद झाला, मुकादम गावाला गेला, काहिली पालथ्या पडल्या. बाबूनं भिवाला बोलावणं धाडलं.

भिवा म्हणजे विहिरी उपसण्यात मुरलेला माणूस. आल्या आल्या त्यानं नळीवरची ज्योत ओल्या फडक्यानं विझवली. मग पहार घालून दोघांनी एक फरशी हलवली. कुजक्या अंड्यांसारखा वास असा अंगावर आला की बाबू पाठमोरा होऊन ओकला. भिवानं नाकाला फडकं बांधलं आणि दुसरी फरशी सरकवली.

“थांब, उतरू नको,” तो बाबूला म्हणाला. “आधी कंदील.”

कुठल्याही विहिरीत उतरण्याआधी भिवा पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला की खालची हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. त्या एका सवयीनं त्यानं कितीतरी लोकांचे जीव वाचवले होते. ती सवय त्यानं इथंही पाळली.

कंदील टाकीच्या तोंडाच्या आत गेला मात्र, धप्पकन आवाज झाला आणि टाकीतून जाळ उठला. पुरुषभर उंच, पिवळा-निळा जाळ. तिसरी फरशी जागची उचलली गेली आणि आडवी पडून फुटली. भिवा मागच्या मागे पडला. बाबू हात झटकत ओरडत होता. झोपडीच्या दारात उभ्या असलेल्या मैनाच्या तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशी धग आली.  पोटातलं पोर एकदम वळलं.

आणि लगेच सगळं शांत झालं. झावळ्यांवर बसलेले कावळे तेवढे ओरडत उडाले.

भिवा उठून बसला. त्याच्या भुवया नव्हत्या. मिशी अर्धी होती. तो स्वतःचं तोंड पुन्हापुन्हा चाचपत होता. “जन्म गेला विहिरीत,” तो पुटपुटला. “पण विहिरीनं जाळ फेकलेला बघितला नाय कदी.”

बाबूच्या उजव्या हाताची कातडी पोळून लाल झाली होती. मैनानं त्यावर खोबरेल लावलं.

शहाण्या माणसानं इथं थांबायचं. पण माणूस घाबरला की त्याला कारण लागतं, आणि कारण नसलं की तो ते रचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवानं लांबूनच काठीला पलिता बांधून टाकीत धरला. काही झालं नाही. तो पलित्याकडे बघून म्हणाला, “गेली! जी काय बला व्हती ती काल जाळावाटे गेली. आता ही साधी विहीर.” मैनानं सुस्कारा सोडला. म्हणजे आईचं खरंच होतं! त्या टाकीत काहीतरी वाईट होतं आणि ते गेलं. तिला आपण फार मोठं काम केलंसं वाटलं.

मग उपसा सुरू झाला. वरचं पाणी डब्याडब्यानं काढून चरात ओतलं. खाली लागला गाळ. काळा कुळकुळीत, लोण्यासारखा मऊ, आणि हात घातला तर कोमट. भिवा कमरेला दोर बांधून उतरायचा, डबा भरायचा. बाबू डाव्या हातानं ओढून घ्यायचा. वर काढलेल्या गाळातून बारीक बारीक बुडबुडे येत राहायचे. तो त्यांनी माडांच्या बुंध्यांशी उन्हात पसरला. दुपारपर्यंत त्याचा काळा रंग उडून तो राखी झाला आणि त्याला भेगा पडल्या.

तळ दिसला. भिंती नारळाच्या सोडणानं घासून काढल्या. शेवटी चुना कालवून आतून हात मारला, आणि उरलेला चुना मैनानं स्वतः सुपानं टाकीत उधळला. वाकता येत नव्हतं, तरी तिनं डोकावून बघितलं. पांढरीशुभ्र टाकी! भात शिजवून ठेवावा इतकी चकचकीत. बाबूनं सगळ्या फरशा परत बसवल्या, फुटलेल्या फरशीच्या जागी नवी घातली आणि सांधे लिंपले. मैनानं भोवताली सारवून रांगोळी काढली.

पालखी आली ती खालूबाजाच्या दणक्यात. मानकऱ्यांनी टाकीशेजारच्या अंगणात पालखी खांद्यावर नाचवली, भिवा आपल्या अर्ध्या मिशीसकट पुढे नाचत होता, आणि पालखीच्या मागून, नव्या लुगड्यात, ठमाबाई आली. अंगणाच्या कडेला ती क्षणभर थांबली. नळीकडे बघितलं. ज्योत नव्हती. मग ती सरळ आत आली. तिनं देवीची ओटी भरली आणि मागाहून लेकीची.

“बारीक झालीस गो,” एवढंच ती म्हणाली, आणि मैनाच्या पोटावर हात ठेवून तिथंच ओक्साबोक्शी रडायला लागली. बाबू मान फिरवून माडाकडे बघत राहिला. त्या दिवशी मैनाला वाटलं, आता आपल्याला काही मागायचं उरलं नाही.

माहेरचे दिवस सुखात गेले. ठमाबाई कालवं काढून आणायची, लेकीला आमटी करून घालायची, पाय चेपायची, आणि बसल्या जागेवरून हलू द्यायची नाही. कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा भोंगा माहेरपर्यंत ऐकू आला. मैनाला मनातून बाबूची आठवण झाली आणि हसू आलं.

मग एका सकाळी वाऱ्याबरोबर ओळखीचा वास आला. जुना, पहिल्या वर्षाचा वास. ठमाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

ती टोपली न घेता, नुसती सळी घेऊन खाडीकडे निघाली. मैनाही मागोमाग गेली. कुणी तिला थांबवलं नाही. काठावर चिंगुळं, बोयटं अशी बारकी मासळी पांढरी पोटं वर करून पडली होती. पाण्यावर तांबूस तवंग होता. आवडाबाई खडपावर उभी होती, हातात सळी होती, पण ती काही फोडत नव्हती.

जिवंत कालव सळीनंही सहजासहजी उघडत नाही. मेलं की आपण होऊन तोंड वासतं. त्या सकाळी अख्ख्या खडपावरची कालवं तोंड वासून बसली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतलं मांस करडं पडलं होतं आणि त्यावर माशा घोंघावत होत्या.

“ठमे,” आवडाबाई म्हणाली, “बारकी पण गेली गो. पुढच्या सालची पण.” आणि ती तशीच पाण्यात बसली.

  मैनाच्या डोळ्यांपुढे ती पांढरीशुभ्र टाकी होती. छे! इतकी स्वच्छ टाकी असं कसं करील? तिनं ते मनातल्या मनात पुन्हापुन्हा म्हटलं, पण तिला धीर येईना.

“फसवलान आपल्याला!” ठमाबाई ओरडली. “गोड बोलून मासळी घेतलान नि परत घाण सोडलान! चला गो सगळ्या! ती टाकी आज ठेवायची नाय!”

वाडीतल्या बायका हातातल्या सळ्या घेऊन निघाल्या. मैना मागे पडत, धापा टाकत पोचली तेव्हा बायका टाकीला घेरून उभ्या होत्या. फरशी बाजूला सरकवलेली होती. नळीवर ज्योत धरेना म्हणून बाबूनं तार केली होती आणि ओव्हरसियर सकाळीच येऊन पोचला होता. तो टाकीच्या काठावर उकिडवा बसून आत बघत होता. बाबू हाताला फडकं गुंडाळून खाली मान घालून उभा होता.

“सर बाजूला!” ठमाबाईनं सळी उगारली. “तोडायची हाय ती!”

ओव्हरसियर उठला. माणूस चिडलेला नव्हता, त्याचा चेहरा नुसता उतरलेला होता. “तोडा, बाई,” तो म्हणाला. “मेलेल्याला तोडून काय मिळणार? ही टाकी मारलीय कुणीतरी.”

“दगडाची टाकी मरते काय?” आवडाबाईनं विचारलं.

“दगडाची नाही. आतला गाळ. त्या काळ्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव होते. वारा लागला की मरणारे, अंधारात राहणारे. तेच ती घाण खायचे, तेच पाणी निवळायचे, ज्योतीचा वायूही त्यांचाच. ते वाढवायला पहिल्या वेळी मला कितीतरी महिने लागले. तुम्ही दही लावता ना? कुणी विरजणाचं मडकं घासून, वर चुना फासून ठेवलं आणि म्हटलं, आता लाव दही, तर लागेल? आता कारखान्यातून येतं तेच पाणी, तसंच्या तसं, चुन्यासकट खाडीत जातंय.” त्यानं बाबूकडे बघितलं. “कारण मी तुला सांगायला हवं होतं. पण उघडलं कुणी? कुणाच्या सांगण्यावरून?”

बाबू तोंड उघडणार तोच मैना पुढे झाली.

“मी,” ती म्हणाली. “ह्यांनी नको सांगितलान व्हता. मीच हट्ट केला. चुना पण मीच टाकला.”

 भरतीचं पाणी चरातून आत शिरत होतं. ठमाबाई दोन पावलं पुढे आली आणि तिनं लेकीच्या थोबाडीत मारली. भरल्या पोटाच्या लेकीच्या. बायकांच्या तोंडून एकदम हाय निघाली.

“तू?” ठमाबाईचा आवाज चिरकला. “माजी लेक? त्या खडपांवर वाढलीस नि त्या खडपांचा जीव घेतलास? सगळ्या वाडीच्या तोंडचा घास काढलास! कुणी शिकवलान तुला ही अक्कल? कुणी सांगितलान उपसायला?”

मैना गालाला हात लावून उभी राहिली. तिनं आईकडे बघितलं, मग खाली बघितलं. 

“बोल ना! मुकी झालीस? कुणी सांगितलान तुला—”

ठमाबाई तिथंच थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. हातातली सळी खडकावर पडून खणकन वाजली आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. ती लेकीकडे बघत होती, लेक जमिनीकडे बघत होती, आणि सगळ्या बायका उत्तराची वाट बघत होत्या.

“मी,” ठमाबाई म्हणाली.

आवडाबाईला नीट ऐकू आलं नसावं. “काय म्हणतेस?”

“मी सांगितला तिला. तळ दिसंपरयंत उपस म्हणून सांगितला. त्याशिवाय दारात येत नाय म्हणून सांगितला.” ती बायकांकडे वळली.  “कालवां मी मारली गो. तुमची, माजी, सगळ्यांची.”

आवडाबाईनं तिच्याकडे असं बघितलं, जशी ही बाई तिनं आजच पहिल्यांदा पाहिली. मग ती वळली आणि चालायला लागली. तिच्यामागून एकेक करून बाकीच्याही गेल्या. ठमाबाईच्या शब्दावर उठणाऱ्या आणि बसणाऱ्या बायका, पण जाताना एकीनंही मागे वळून बघितलं नाही.

टाकीपाशी चौघंच उरली. मैनानं आईचा हात धरायला हात पुढे केला, पण ठमाबाईनं तो धरला नाही. ज्या हातानं तिनं मारलं होतं तो हात ती पदरात गुंडाळत होती, जसा काही तो पोळला होता.

“सायबानू,” तिनं विचारलं, “ते जीव परत येतात काय?”

“मिळतील,” ओव्हरसियर म्हणाला. “खाडीकाठच्या तिवरांच्या मुळाशी, अगदी खोल, काळा चिखल असतो. तो आणि ताजं शेण. टोपल्यांनी भरून आणावं लागेल, पुष्कळ. तोवर मी काहिली बंद ठेवायला लावतो. पण पावसाआधी विरजण लागेल याचा भरवसा नाही. आणि त्या चिखलात मांडीपर्यंत रुतायला होतं. एकट्या माणसाचं काम नाही ते.”

मैनानं झोपडीकडे पाऊल टाकलं. टोपली आणायला.

“तू नाय,” ठमाबाई म्हणाली. “तू आत जावून पड.”

तिनं लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलं, झोपडीच्या भिंतीला टेकवलेली टोपली स्वतः उचलली, आणि एकटीच तिवरांच्या दिशेनं निघाली.